बन की बिन

आक्काची काम करायची एक पद्धत होती. कोणतंही काम हाती घेतलं की ती दोन फायली करायची. एकीवर लिहायची ‘आहे ते’, दुसरीवर ‘पाहिजे ते’. दुसरी फाइल महिनोन्महिने कोरी राहायची. “लोक आधी पाहिजे ते मागायला धावतात,” ती म्हणायची. “कुणी काय मोजून ठेवलंय, काय लिहून ठेवलंय, काय वाळवून ठेवलंय ते आधी बघावं. निम्म्या वेळा पाहिजे ते, आहे त्यातच असतं.”

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. जालन्याच्या एका कॉलेजात ती वनस्पतिशास्त्र शिकवायची, दुसऱ्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल होतो. दोघंही निवृत्त, दोघंही बिनलग्नाचे. नवीन जालन्यात स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर आम्ही राहायचो. खाली बियाण्याच्या कंपनीचं दुकान. सकाळी चहाच्या वेळी दुकानाचं शटर वर जायचं, त्या आवाजावर आक्का पेपर खाली ठेवायची आणि कामाला बसायची. दिवाळीनंतर ती गेली. शटर अजून त्याच वेळी वर जातं. त्या आवाजाला मी अजूनही समोरच्या खुर्चीकडे बघतो.

ती गेली तेव्हा तिच्या टेबलावर त्याच दोन फायली होत्या. ‘आहे ते’ अर्धी भरलेली. ‘पाहिजे ते’ कोरी.

काम कशाचं होतं ते सांगतो. भोकरदन तालुक्यात धावड्याच्या वरच्या अंगाला, अजिंठ्याच्या डोंगररांगेत एक वाडी आहे. मेंढरं राखणाऱ्या घराण्यांतली माणसं, आता बहुतेक मका आणि मिरची करणारी. वाडीच्या वर जंगल आहे. त्या जंगलातून एक ओढा येतो, वाडीच्या विहिरींच्या अंगावरून खाली उतरतो आणि पुढे वळत वळत पूर्णेकडे जातो. पावसाळ्यानंतर खालचं पात्र लवकर कोरडं पडतं. पण वर, उगमाजवळ, खडकातून पाणी पाझरत राहतं आणि विहिरी त्या पाझरावर जगतात.

उगमाच्या डोक्यावर, जंगलाची हद्द संपते तिथे, थोडी सरकारी जमीन आहे. तिथे दगडखाण काढायला एकाने अर्ज केला होता. हरकती मागवणारी नोटीस वाडीत लागली तिच्यात एक ओळ होती: ‘सदर जागेलगतचा नाला बिनपाणी या नावाने नोंद असून कोरडा आहे, सबब पाण्याच्या स्रोतास बाधा पोहोचत नाही.’ डोक्यावर सुरुंग लागले की खडकाच्या भेगा हलणार आणि पाझर कुठल्या कुठे जाणार, हे वाडीतल्या प्रत्येकाला कळत होतं. पण कागद म्हणत होता की पाणीच नाही. नसलेल्या पाण्याला बाधा कशी पोहोचणार?

वाडीतला एक जण आक्काचा जुना विद्यार्थी. तो नोटिशीचा फोटो घेऊन आमच्याकडे आला होता. आक्का तेव्हा आजारी होती, पण खुर्चीत बसून ऐकत होती. “पाणी आहे हे आपल्याला सिद्ध करायचं नाही,” ती त्याला म्हणाली. “ते आधीच सिद्ध झालेलं असणार. कुठेतरी. ते गोळा करायचंय.”

सुनावणी उन्हाळ्यात होती. आक्काचे दिवस पार पडल्यावर तो पुन्हा आला. नोटिशीचा कागद टेबलावर ठेवून म्हणाला, “मामा, आता कसं करायचं?”

बाईंचा भाऊ म्हणून वाडीने मला परस्पर मामा करून टाकलं होतं. मी झाडांतला नाही, पाण्यातला नाही. मला कपाटं लावता येतात आणि कुठल्या कपाटात काय असू शकेल याचा अंदाज येतो. मी म्हणालो, “करू.” ते बोलून गेल्यावर मला पहिल्यांदा बरं वाटलं, कितीतरी दिवसांनी.

हिवाळाभर मी आक्काची अर्धी फाइल पुढे नेत राहिलो. एखाद्या जंगलाबद्दल किती ठिकाणी किती माहिती पडून असते, हे मला माहीत नव्हतं. महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाचे आकडे. जंगल खात्याची जुनी कामाची योजना. तिच्यात कुठली झाडं कुठल्या उतारावर, कुठे तोड झाली, कुठे राखली. सर्व्हेचा नकाशा. अंतराळातून घेतलेली छायाचित्रं, जी कुणालाही घरबसल्या फुकट पाहता येतात. मी ती पाहायला शिकलो. चष्मा कपाळावर सरकवून स्क्रीनला नाक लावायचं, मग दिसायचं: उन्हाळ्यात सगळा डोंगर खाकी, आणि उगमापाशी एक हिरवा ठिपका. वर्षामागून वर्ष तोच ठिपका, कधी नखाएवढा, कधी तिळाएवढा.

भूजलवाल्यांच्या कार्यालयात तर मला धक्काच बसला. वाडीच्या खालच्या अंगाची एक विहीर ते वर्षानुवर्षं मोजत आले होते आणि आक्काने आजारपणात अर्ज करून ते आकडे मागवून ठेवले होते. टेबलामागचे गृहस्थ म्हणाले, “मॅडमनी फोनवर मला तीनतीनदा समजावून सांगितलं, काय पाहिजे ते. मी काढून ठेवलंय कधीचं. कोणी न्यायलाच आलं नाही.” मॅडम गेल्या, हे मी सांगितलं. कागदांना त्यांनी स्वतःच नवी दोरी बांधून दिली.

पण घरी येऊन एकेक कागद वाचला की कळायचं, प्रत्येक जण निम्मंच बोलतोय. विहिरीत पाणी उन्हाळ्यातही टिकतं हे आकड्यांवरून दिसत होतं, पण ते त्या ओढ्याचंच, असं आकडे म्हणत नव्हते. हिरवा ठिपका झाडांचा होता, पाण्याचा नव्हता. सर्व्हेच्या नकाशावर बारमाही पाणी निळं आणि कोरडा ओढा काळा दाखवतात. आमचा ओढा उगमापासून खालपर्यंत काळ्या रेघेने काढलेला होता. फक्त वर, अगदी डोक्याशी, निळा ठिपका. कुणीही म्हणालं असतं की शाईचा डाग आहे.

या सगळ्यांच्या समोर एक शब्द ठाम उभा होता. बिनपाणी. नोटिशीत तोच, महसुली नकाशावर तोच, वाडीच्या वाटेवरच्या गंजलेल्या पाटीवरही तोच.

संक्रांतीनंतर मी वाडीत गेलो. आक्काच्या विद्यार्थ्याने मोटारसायकलवरून नेलं. त्याच्या घरासमोर त्याची आई उन्हात मिरच्या निवडत बसली होती. डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढलेला, मिरचीच्या तिखट वासाने ठसकत. मी पाणी प्यायलो आणि विचारलं, “आजी, हे पाणी त्या वरच्या ओढ्याचंच ना? काय म्हणतात त्याला?”

“बनपाणी.”

“बिनपाणी?”

“आरं बाबा, कानात बोळे घातले का? बनपाणी म्हन्ले मी.”

मुलगा हसायला लागला. “मामा, मायचं काय मनावर घेता. कागदावर बिनपाणी हाय, पाटीवर बिनपाणी हाय. आम्ही शाळेत असल्यापसून बिनपाणीच म्हनून राह्यलो.”

“तुह्या शाळेला काय ठाव?” म्हातारीने मिरचीचं देठ त्याच्या दिशेनं फेकलं. “ढोसाढोसा पाणी पेता अन् म्हन्ता बिनपाणी. लाज न्हाई वाटत?”

“मग बन म्हणजे काय, आजी?”

“मला काय इचारता? माही सासू म्हनायची, तिची सासू म्हनायची. म्या काय मास्तरीन हाय?”

मी ते लिहून घेतलं, पण मनातून मला त्याचा उपयोग वाटला नाही. समोरचा वकील म्हणणार की म्हातारीच्या तोंडात दात नाहीत, बिनचं बन झालं. खरं तर मलाही तसंच वाटलं होतं. परतताना आक्काच्या विद्यार्थ्याने घाटात गाडी थांबवली आणि म्हणाला, “बाई असत्या ना मामा, तं मायला आजून तासभर बोलतं केलं असतं.” मी मान हलवली. ते खरं होतं.

पुढच्या आठवड्यात मी आक्काच्या कॉलेजात गेलो. तिथे तिने आयुष्यभर वाळवलेल्या वनस्पतींचं कपाट आहे. दार उघडलं आणि डांबरगोळ्यांचा वास आला. आमच्या घराला तीस-पस्तीस वर्षं तोच वास होता. ती गेल्यापासून तो हळूहळू कमी होत चाललाय आणि मी खिडक्या उघडायला घाबरतो. तिथे कपाटात तो सगळा जसाच्या तसा साठलेला होता. 

मग वाडीचं गाठोडं काढलं. वर्तमानपत्रांच्या घड्यांत चपटी झालेली करंजाची पानं, उंबर, वाळुंज, सगळी ओढ्याकाठची मंडळी. आणि एका घडीत हंसराज. हा एक नेचा आहे, काळ्या केसासारखा देठ आणि पंख्यासारखी पानं. ओल्या खडकाशिवाय तो जगत नाही, हे एवढं तरी मला बहिणीच्या शेजारी राहून कळलेलं होतं. शेजारी आक्काच्या अक्षरात चिठ्ठी: ‘वाडीच्या वर, उगमाजवळ, खडकातून पाणी ठिबकत होतं तिथे.’ तारखेवर मात्र पाणी सांडून शाई फुटलेली.

मी ती घडी हातात धरून बसलो आणि मग माझ्या लक्षात आलं की तारीख माझ्या हातातच आहे. आक्का नेहमी त्या दिवशीच्याच वर्तमानपत्रात पानं दाबायची, आणि नेचा दाबलेल्या वर्तमानपत्रावर तारीख होती. मे महिना, दुष्काळाचं वर्ष. पानावर जालना जिल्ह्यातल्या टँकरची बातमी, रिकाम्या हंड्यांच्या रांगेचा फोटो, आणि त्या फोटोवर आडवा पडलेला, अजून हिरवटपणा न सोडलेला नेचा. जिल्ह्याला टँकर लागले होते त्या महिन्यात आमच्या ओढ्याचा खडक ठिबकत होता.

मी कपाटासमोर एकटाच मोठ्याने हसलो. प्रयोगशाळेतल्या बाईंनी दारातून डोकावून पाहिलं.

आता ‘आहे ते’ फाइल जाड झाली होती. पण तो शब्द अजून तिथेच होता. तो आला कुठून हे बघायला मी संभाजीनगरला गेलो. जालना जिल्हा नंतर वेगळा झाला. त्याआधीचे कागद जुन्या जिल्ह्याच्या गावी. अभिलेखकक्षातल्या गृहस्थांनी मला निजामाच्या काळातला नकाशा काढून दिला आणि त्याच्यासोबत त्याची नंतर केलेली मराठी प्रतही. “मराठीच बघा साहेब,” ते म्हणाले. “हा उर्दू कुणाला वाचता येत न्हाई आता. सगळं काम प्रतीवरच चालतं.”

मला येत होता. थोडासा. आमचे आजोबा उर्दूतून शिकलेले. जुन्या जालन्यात दोन खोल्यांत आम्ही राहायचो तेव्हा ते संध्याकाळी आम्हा दोघांना पाटीवर उर्दू अक्षरं काढून द्यायचे. त्यांचा एक आवडता खेळ होता. उर्दूत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत. अक्षराच्या वर छोटी तिरपी रेघ दिली तर ‘अ’, खाली दिली तर ‘इ’, वरच्या रेघेला जबर म्हणतात, खालच्या रेघेला जेर. पण रोजच्या लिहिण्यात कुणी त्या रेघा देत नाही, वाचणाऱ्याने समजून घ्यायचं. आजोबा नुसती दोन अक्षरं काढायचे, बे आणि नून, म्हणजे ब आणि न, आणि विचारायचे, “बोलो, क्या है?”

आक्का म्हणायची, “बन!” म्हणजे जंगल.

मी म्हणायचो, “बिन!” म्हणजे विना, शिवाय.

दर वेळी हेच. ती पुढे झाडांची बाई झाली आणि मी काहीच न झालेला. आजोबा म्हणायचे, “दोनो बराबर. ऐसे पता नहीं चलता. आगे-पीछे देखो, बाद में बोलो.”

अभिलेखकक्षातल्या त्या लांब टेबलावर मी नकाशा उलगडला. ओढ्याची रेघ सापडली. रेघेच्या काठाने बारीक, देखण्या अक्षरात लिहिलेलं होतं: बे, नून, मग पानी. ना जबर, ना जेर.

बोट ठेवून मी ते पुन्हा वाचलं. बन पानी. जंगलाचं पाणी. म्हातारीच्या तोंडात दात होते की नव्हते याच्याशी त्याचा काही संबंध नव्हता. मराठी प्रत करणारा जो कुणी कारकून होता त्याने बिन वाचलं, आणि त्यात त्याचं फार चुकलं असं मी म्हणणार नाही. ‘बिन पानी’ हा उर्दूत चांगला अर्थपूर्ण शब्द आहे. मराठवाड्यातला नकाशा, बाहेर ऊन, समोर ओढ्याची रेघ. मीही तेच वाचलं असतं. मी तर लहानपणापासून तेच वाचत आलो होतो.

पण हाही निम्माच पुरावा होता. दोन्ही वाचता येतं. मग बन कशावरून? ‘आगे-पीछे देखो.’ मी पुढे-मागे बघायला लागलो. खुर्ची मागे ढकलून उभा राहिलो आणि टेबलावर ओणवा झालो. ओढ्याच्या डोक्याशी जंगलाच्या हद्दीची तुटक रेघ होती. तिच्या कडेने त्याच हाताने, त्याच शाईने लिहिलं होतं: बे, नून, मग ‘की हद’.

मी मराठी प्रत शेजारी ओढली. तिथे त्याच जागी लिहिलं होतं: ‘वनहद्द’.

एकच नकाशा, एकच हात, तीच दोन अक्षरं. हद्दीच्या कडेला कारकुनाने बन वाचलं होतं आणि ओढ्याच्या कडेला बिन. आणि खदानीचा सगळा अर्ज त्या वनहद्दीवर उभा होता. ही जागा जंगलाच्या बाहेर आहे, हे त्यांनी याच रेघेने दाखवलं होतं.

“सापडलं का काही?” अभिलेखकक्षातल्या गृहस्थांनी विचारलं.

“आक्काचं बरोबर होतं,” मी म्हणालो. त्यांना काही कळलं नाही, पण त्यांनी मला चहा पाजला. प्रमाणित नकलेचा अर्ज मी त्याच टेबलावर भरला.

जालन्यातल्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांकडून मी दोन्ही मजकुरांचं रीतसर वाचन लिहून घेतलं. त्यांनी भिंग लावून पाहिलं आणि एवढंच म्हणाले, “बिन की हद? ये कौनसी जबान हुई भाई?”

भोकरदनला सुनावणी झाली तेव्हा ऊन चढलेलं होतं. वाडीतली माणसं जीप करून आली होती. म्हातारीही आली होती, हट्टाने. समोरचे वकील गोड बोलणारे, हसतमुख. त्यांनी आमचे कागद एकेक करून बाजूला सारले. पाणी विहिरीचं, ठिपका झाडाचा, नेचा एका दिवसाचा. “आणि आमचे हे सर,” माझ्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, “पुस्तकातले विद्वान. त्यांनी एका अक्षरावरून नदी काढली आहे.”

सुनावणी घेणाऱ्या अधिकारी बाई कागदावरून नजर न काढता म्हणाल्या, “सर, हे बन वाचता येतं तसं बिनही वाचता येतं. मग मी तुमचं का मानू?”

मी उभा राहिलो. आयुष्यात मी कधी चारचौघांत मोठ्याने बोललेलो नाही. ग्रंथालयात तर बोलू नका हेच सांगायचं काम.  मग मी बोलायचं सोडून दिलं आणि दोन्ही नकाशे त्यांच्या टेबलावर नेऊन पसरले.

“मॅडम, बिन वाचा,” मी म्हणालो. “माझी हरकत नाही. पण मग हीच अक्षरं इथे, हद्दीच्या रेघेवर आहेत. तीही बिनच वाचावी लागतील. मग ही वनहद्द राहत नाही. आणि वनहद्द राहिली नाही तर यांची जागा जंगलाच्या बाहेर कशी? त्यांच्या अर्जाला ही हद्द पाहिजे. हद्दीला बन पाहिजे. आणि इथे बन असेल तर ओढ्यातही बनच आहे.”

त्यांनी एका नकाशावर बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर. पुन्हा पहिल्यावर. खोलीतला पंखा करकरत होता.

“वकीलसाहेब,” त्या म्हणाल्या, “तुम्हाला कुठलं पाहिजे ते सांगा.”

वकील अर्जाची पानं चाळायला लागले. मागून म्हातारीचा आवाज आला, “बोला की वो. आता कामून मुके झाले?” मुलाने तिचा पदर ओढला, पण तोवर सगळी खोली हसलेली होती. बाईंनीही ओठ दाबले. मग त्या म्हणाल्या, “मी जागा पाहणार. मे महिन्यात. ऐन उन्हाळ्यात.”

ते ऐकून वाडीवाल्यांचे चेहरे पडले, कारण खालचं पात्र तेव्हा धुळीचं असतं. मी मात्र निश्चिंत होतो. मेमधला हंसराज मी पाहिलेला होता.

पाहणीच्या दिवशी दगडावर पाय ठेववत नव्हता. वाडीपासून आम्ही पात्रातूनच वर चढायला लागलो. अधिकारी बाई, त्यांच्या कार्यालयातले दोघं, वकील, वाडीतली निम्मी माणसं. पात्र पांढरंफेक कोरडं. वकिलांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू परतत होतं. “सर, बनपाणी कुठे लपलंय?” त्यांनी दोनदा विचारलं. मी वर बोट दाखवलं. बोलायला दम उरला नव्हता.

मग वळणावर पहिला करंज दिसला, ताज्या पालवीने भरलेला. त्याच्या सावलीत शिरलो तसं ऊन मागे राहिलं. उंबर आला. पायाखालची वाळू आधी गडद झाली, मग ओली.  पुढे खडकाची उभी भिंत आणि तिच्या भेगेतून, कुणी मुठीत धरून पिळावं तसं, पाणी. खाली खडकातच कोरलेल्या खोलगट जागेत ते साठलेलं. भिंतीवर हंसराज, हवा नसताना हलणारा.

बाईंनी चपला काढल्या आणि पाण्यात हात घातला. मनगटापर्यंत.

म्हातारी सगळ्यांच्या मागून, काठी टेकत पोचली. तिने कमरेचा पितळी पेला काढला, भरला आणि माणसांतून वाट काढत थेट वकिलांसमोर जाऊन उभी राहिली.

“घ्या वकीलसाहेब, लई दमले. बिनपाणी प्या.”

काय सांगू, त्या डोंगरात किती मोठ्याने माणसं हसली. वकीलही हसले. आणि प्यायले. उन्हाने त्यांचाही घसा कोरडा पडला होता, एका दमात पेला रिकामा केला आणि म्हणाले, “आजी, आणखी एक द्या.” बाईंच्या कार्यालयातल्या एकाने विचारलं, “मॅडम, पंचनाम्यात काय लिहू?” त्या म्हणाल्या, “दिसतंय ते लिहा. पाणी आहे.”

निकाल पावसाळ्याच्या आधी आला. दगडखाणीचा अर्ज नामंजूर. ओढ्याच्या नावाची नोंद दुरुस्त करून ‘बनपाणी’ अशी घ्यावी, आणि त्याचं पाणलोट क्षेत्र राखण्याच्या कामात धरावं. आक्काच्या विद्यार्थ्याने फोनवरून तो वाचून दाखवला. ‘बनपाणी’ या शब्दाशी तो थांबला, पुन्हा वाचला, तिसऱ्यांदा ओरडून वाचला. मागे हलगी वाजत होती. “मामा, ऐकू येऊन राह्यलं का? सारी वाडी नाचून राह्यली! माय तं सगळ्यात पुढं हाय!”

मी फोन टेबलावर ठेवला, आवाज चालू ठेवून, आणि समोरच्या खुर्चीला ते सगळं ऐकू दिलं.

वाडीत नवी पाटी लावायच्या दिवशी मला बोलावलं. पेंटरने पहिल्यांदा ‘बीनपाणी’ लिहिलं. त्यावर म्हातारीने त्याला जे काही सुनावलं ते इथे लिहिता येणार नाही. त्याने रंग पुसला आणि तिच्यासमोर, अक्षर अक्षर विचारून, नवं लिहिलं. ‘ब’ झाल्यावर त्याने विचारलं, “वेलांटी?” सगळे एका आवाजात ओरडले, “न्हाई!”

दुपारी जेवण झाल्यावर मी एकटाच वर गेलो. भिंतीवरचा हंसराज आता अधिक भरलेला होता. आक्काच्या नियमाने एकच पान घेतलं, मुळाला धक्का न लावता. पिशवीत त्या दिवशीचं वर्तमानपत्र होतं. तालुक्याच्या पानावर वाडीची चार ओळींची बातमी होती. त्यावर हंसराजाचं पान नीट पसरवून मी घडी दाबली, आणि मांडीवर कागद घेऊन, मला जमेल तितक्या तिच्यासारख्या अक्षरात, चिठ्ठी लिहिली: हंसराज. वाडीच्या वर, उगमाजवळ. ओढ्याचं नाव बनपाणी. खडकातून पाणी वाहत होतं.

दुसऱ्या दिवशी शटर वर जाण्याच्या आवाजावर मी उठलो. ‘पाहिजे ते’ फाइल कोरीच होती, ती कपाटात ठेवली. चिठ्ठीसकट ती घडी घेऊन आक्काच्या कॉलेजात गेलो आणि दुष्काळातल्या तिच्या हंसराजाच्या शेजारी ठेवली.